गाडीचे वळण आणि गाडीचा भरवसा



‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा म्हटले आहे की त्यातील थट्टा कोठे संपते आणि अभिमान कोठे सुरू होतो, हे आता आपले आपल्यालाही सांगता येणार नाही. जर्मनीचे नाव निघाले की मोटारी आठवतात. परभणीचे नाव निघाले की त्या मोटारींना ज्यांवरून जावे लागते ते रस्ते आठवतात. आजचा माझा विषय या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. ज्या छोट्या व्हॅनमधून आपली मुले शाळेत जातात, ज्या व्हॅनमधून गंगाखेडची वा सोनपेठची मंडळी लग्नाला जातात आणि आजारी माणूस रात्री-अपरात्री शहरातल्या दवाखान्यात आणला जातो, त्या व्हॅनविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय सुचला तो एका प्रश्नामुळे. कापसाचे पैसे हाती आलेला एक तरुण माझ्याकडे आला. शेतीला जोड म्हणून त्याला भाड्याने चालविण्यासाठी गाडी घ्यावयाची होती. त्याने विचारले, “सर, जुनी ओम्नी घेऊ की नवी इको घेऊ? जुनी स्वस्त आहे आणि कोणताही मिस्त्री ती उघडतो. नवी महाग आहे, पण लोक म्हणतात ती बिघडत नाही.” मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण त्याच्या प्रश्नात एक गोष्ट होती आणि दुसरी नव्हती. गाडीचा भरवसा किती, हे तो विचारीत होता. गाडीचे वळण कसे, हे तो विचारीत नव्हता. मुलगी पाहावयास गेल्यावर घराण्याचे वळण विचारणारे आपण, गाडी घेताना मात्र तेवढेच विसरतो.

‘वळण’ हा शब्द येथे मी जाणून वापरतो. चालकाने हुकूम दिला असता गाडी तो किती नेमकेपणाने पाळते, वाकड्या रस्त्यावर किती सरळ राहते, अचानक समोर आलेले जनावर चुकविताना स्वतःचा तोल किती सांभाळते, हे सारे मिळून गाडीचे वळण होय. भरवसा म्हणजे ती किती दिवसांनी बिघडते आणि बिघडली तर किती वेळात सुधारते. हे दोन गुण अगदी वेगळे आहेत. एखादी गाडी वर्षानुवर्षे बंद पडत नाही, पण वळणावर धोका देते. दुसरी रोज रुसते, पण धोका देत नाही. म्हणून दोहोंचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

प्रथम या वाहनाची थोडी वंशावळ पाहू. १९६०च्या दशकाच्या शेवटी पुण्याकडे तयार होऊ लागलेली मॅटाडोर ही आपल्याकडची पहिली खरी लोकप्रिय व्हॅन. तिचे नाव इतके रूढ झाले की पुढे कोणत्याही चौकोनी गाडीला लोक मॅटाडोरच म्हणू लागले. १९८४ साली मारुती व्हॅन आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या एका छोट्या मालवाहू गाडीची ती भारतीय बहीण. १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले. मारुती ८०० मोटारीचेच ७९६ घन सेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे इंजिन तिच्या पुढच्या आसनाखाली बसविलेले होते. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षे एकच गाडी जवळजवळ त्याच अंगलोटाने चालत राहावी, ही आपल्या देशातही विरळा गोष्ट आहे. मधल्या काळात, २००१ साली, त्याच कंपनीची वर्सा आली. ती फारशी चालली नाही. पण तिच्याच सांगाड्यावर, थाटमाट कमी करून, जानेवारी २०१० मध्ये इको बाजारात आली. इकडे २००५ साली टाटांचा एस हा छोटा मालवाहू ट्रक आला आणि २००७ साली त्याच्याच अंगावर आसने व छत चढवून मॅजिक तयार झाली. गावच्या फाट्यावरून तालुक्याला जाणाऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

आज मी तुलना करणार आहे ती मुख्यतः ओम्नी व इको यांची. कारण ‘जुनी’ आणि ‘नवी’ म्हटले की आपल्या जिल्ह्यात याच दोन डोळ्यांसमोर येतात. ओम्नी बंद झाली म्हणून ती इतिहासजमा झाली असे नव्हे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१९ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०३४ साली संपेल आणि नंतरही तपासणी करून ती वाढविता येते. तेव्हा हा प्रश्न आणखी बरीच वर्षे आपल्या दारात उभा राहणार आहे.

आता वळणाकडे वळू.

गाडीच्या वळणाचे पहिले माप म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर. ओम्नीची लांबी ३.३७ मीटर होती आणि चाकांतील हे अंतर फक्त १.८४ मीटर. म्हणजे लांबीच्या निम्म्याहून थोडे अधिक. इकोची लांबी सुमारे ३.६८ मीटर आणि चाकांतील अंतर २.३५ मीटर, म्हणजे लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. गाडी एक फूट वाढली, पण चाके पावणेदोन फुटांनी दूर गेली. याचा परिणाम समजण्यासाठी यंत्रशास्त्र शिकण्याची गरज नाही. बसावयाचा पाट आणि निजावयाची बाज घ्या. दोहोंच्या एका पायाखाली सारख्याच उंचीचा दगड ठेवा. पाट जितका कलेल तितकी बाज कलणार नाही. कारण बाजेचे पाय एकमेकांपासून दूर असतात. गाडीचेही तेच. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की आखूड गाडी नाक वर करते, मग मागचे चाक चढले की नाक खाली घालते. लांब चाकांतराची गाडी तोच उंचवटा कमी डोलत ओलांडते.

आपल्या जिल्ह्यात या मापाला विशेष महत्त्व आहे आणि त्याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची ही काळी जमीन कापसाला आई आहे. रस्त्याला मात्र ती सावत्र आई आहे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेल्या या मातीत अशी चिकणमाती असते की पावसात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो. त्याच भेगा भरावाच्या मातीतही पडत असतात. वर डांबर कितीही चांगले अंथरले तरी खालची जमीन दरवर्षी श्वास घेते आणि सोडते. म्हणून रस्त्याला खड्डा नसला तरी लाट असते. या लाटांवर ताशी पन्नास किलोमीटरने जाताना आखूड गाडी घोड्यासारखी उधळते. तिच्यात बसलेल्याचे कंबरडे दुखते, ही लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट ही की नाक वर गेले त्या क्षणी पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंगचा हुकूम पोचत नाही. या बाबतीत इको निःसंशय श्रेष्ठ आहे.

दुसरे माप चाकांच्या वरच्या उड्या सोसण्याचे. ओम्नीच्या मागच्या बाजूला बैलगाडीच्या काळापासून ओळखीचे असलेले पोलादी पाटे होते. इकोच्या मागे गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. पाट्यांचा गुण असा की ते ओझे निमूटपणे वाहतात आणि एखादा तुटला तर गावातला लोहारही तात्पुरता इलाज करतो. त्यांचा दोष असा की रिकाम्या गाडीत ते ताठ असतात. एकटा चालक असलेली ओम्नी खडीच्या रस्त्यावर मागून टणाटण उडे, तीच सात माणसे बसली की शहाणी होई. स्प्रिंगांची गाडी भरलेली-रिकामी दोन्ही वेळा अधिक सारखी वागते.

पण आता तिसरे माप पाहा. येथे नव्या गाडीच्या चाहत्यांनी थोडे सावरून बसावे. गाडी आडवी पडेल की नाही हे ठरते दोन गोष्टींवरून: डाव्या-उजव्या चाकांतील अंतर आणि गाडीचा भारकेंद्र जमिनीपासून किती उंच आहे. ओम्नीत डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सुमारे १.२ मीटर होते आणि गाडीची उंची १.६४ मीटर. इकोत ते अंतर सुमारे १.२८ मीटर झाले, पण उंचीही सुमारे १.८ मीटर झाली. भागाकार करा. जुन्या गाडीत रुंदी उंचीच्या ७३ टक्के, नव्या गाडीत सुमारे ७१ टक्के. म्हणजे लांबीच्या दिशेने नवी गाडी पुष्कळ सुधारली. रुंदीच्या दिशेने दोघी बहिणीबहिणीच राहिल्या. एकूण उंची म्हणजे काही भारकेंद्र नव्हे, हे मान्य आहे. परंतु उंच, अरुंद पेटी ही उंच, अरुंद पेटीच असते. नवी गाडी मऊ चालते म्हणून चालकाला ती पडणारच नाही असे वाटू लागते. हा भास जुन्या गाडीत होत नसे. तिची धडधडच चालकाला सावध ठेवी.

हे थोडे आकड्यांत पाहू. समजा, माणसे बसलेल्या व्हॅनचा भारकेंद्र जमिनीपासून पाऊण मीटर उंच आहे आणि चाकांतील अर्धे अंतर ०.६ मीटर आहे. ०.६ ला ०.७५ ने भागले की ०.८ येतात. याचा अर्थ, गाडीच्या वजनाच्या दशांश आठपट ओढ बाजूने लागली तर आतली चाके उचलू लागतील. आता ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने या वळणावर बाजूची ओढ वजनाच्या पाव हिश्श्याएवढी असते. काळजीचे कारण नाही. ताशी ६० ने तीच ओढ निम्म्याहून अधिक, ०.५७ होते. वेग दीडपट झाला, पण ओढ सव्वादोन पट झाली, कारण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. तरीही गाडी उभी आहे. आता टपावर चार पोती आणि दोन माणसे चढवा. समजा, त्यामुळे भारकेंद्र पाऊण मीटरवरून ०.९ मीटरवर गेला. ०.६ ला ०.९ ने भागा, उरले ०.६७. आणि ताशी ६५ वेगाला ओढ होते ०.६६. हिशेब संपला! गाडी तीच, रस्ता तोच, चालक तोच. फक्त टपावरचे ओझे आणि वेगाचे पाच आकडे. प्रत्यक्षात स्प्रिंगा एका बाजूला दबतात, आतली माणसे एका अंगाला कलतात. त्यामुळे हा क्षण हिशेबापेक्षाही लवकर येतो.

आपल्याकडे मात्र पुष्कळ वेळा गाडी वळणावर उलटत नाही, सरळ रस्त्यावर उलटते. त्याचे गमक साइडपट्टीत आहे. डांबराच्या कडेची काळी माती पावसात वाहून जाते आणि कडेला वीतभर पायरी तयार होते. समोरून उसाची ट्रॉली आली की व्हॅनचा चालक डावी चाके खाली उतरवितो. ट्रॉली गेली की त्याला वर यावयाचे असते. डांबराची कड चाकाला अडविते; तो स्टिअरिंग अधिक पिळतो; आणि चाक एकदम कड चढते तेव्हा पिळलेल्या चाकांनिशी गाडी उजवीकडे झेपावते. तिला सरळ करण्यासाठी तो उलट पिळतो आणि तेथे घात होतो. चाक खाली उतरले असता आधी वेग कमी करावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि गाडी जवळजवळ थांबल्यावर हलकेच वर घ्यावी, एवढे ज्ञान कित्येक प्राण वाचवू शकेल. ते जुन्या गाडीला जितके लागू आहे तितकेच नव्या गाडीला.

वळणाच्या बाबतीत आणखी एक सुधारणा सांगितली पाहिजे. जोराने ब्रेक दाबला असता चाके जाम होतात. जाम झालेले चाक घसरते आणि घसरणारे चाक वळत नाही. रिकाम्या व्हॅनचे मागले अंग हलके असते. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलाचा लेप आणि त्यावर पहिला पाऊस, अशा वेळी मागची चाके जाम झाली की गाडी स्वतःभोवती फिरते. एबीएस नावाची योजना चाक जाम होऊ लागताच ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते व धरते, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. जुन्या ओम्नींच्या चालकाला मात्र हे काम स्वतःच्या पायाने करावे लागते. म्हणून पावसाच्या दिवसांत जुनी गाडी चालविणाऱ्याने वेगाची मर्यादा स्वतःच खाली आणली पाहिजे.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे, भरवशाकडे येतो.

जुन्या गाडीची आठवण काढली की मिस्त्री लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. पुढचे आसन उचलले की इंजिन समोर. इंधन आणि हवा यांचे मिश्रण कार्बुरेटर करी. तो पान्यांनी आणि फुंकरीने साफ होई. ठिणगीचे पॉइंट कानशीने घासता येत. दोष डोळ्यांना दिसे, हाताला लागे आणि पन्नास रुपयांत निघे. परंतु तो दोष वारंवार येई, हेही आपण विसरता कामा नये. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या वर चढतो. अशा वेळी आसनाखालच्या तापलेल्या इंजिनाजवळ नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी भर उन्हात उभी राही. मग ओले फडके नळीवर ठेवून मंडळी बाभळीच्या सावलीत बसत. पुढे इंधन दाबाखाली फवारण्याची पद्धत आली. तिच्यात पेट्रोल दाबलेले असल्याने त्याची सहसा वाफ होत नाही आणि हा जुना उपद्रव गेला.

नव्या गाडीत दोष कमी, पण तो दिसत नाही. पंप विजेचा, फवारा विजेचा, धुराची परीक्षा करणारा संवेदकही विजेचा. २०२० पासूनच्या धुराच्या कडक नियमांनी ही संख्या आणखी वाढली. समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो. तो का लागला हे सांगण्यासाठी गाडीला जोडावयाचे यंत्र लागते. शेतातल्या गोठ्याशेजारी गाडी ठेवली आणि उंदराने एक तार कुरतडली, तर गावचा मिस्त्री हात वर करतो. दोष दोन रुपयांच्या तारेचा असला तरी गाडी शहरापर्यंत ओढून न्यावी लागते.

मग अधिक भरवशाची कोणती? येथे एक साधा हिशेब आपण करून पाहू. समजा, एक जुनी गाडी दर वीस दिवसांनी बिघडते आणि अर्ध्या दिवसात सुधारते. समजा, एक नवी गाडी दोनशे दिवसांनी बिघडते, पण यंत्र शोधणे, भाग मागविणे आणि बसविणे यात पाच दिवस जातात. जुनी गाडी साडेवीस दिवसांपैकी वीस दिवस चालली. नवी दोनशे पाच दिवसांपैकी दोनशे दिवस चालली. भागाकार केला तर दोन्ही उत्तरे एकच येतात! शंभरांत साडेसत्याण्णव दिवस दोघीही कामावर हजर. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांतला धडा खरा आहे. भरवसा हा केवळ गाडीचा गुण नाही. गाडी, मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकान या तिघांचा तो मिळून गुण आहे. पालम किंवा सोनपेठसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाचा हिशेब आणि परभणीच्या स्टेशन रोडवर राहणाऱ्या माणसाचा हिशेब म्हणूनच एक असू शकत नाही.

शिवाय दोन्ही गाड्यांचा भरवसा बराचसा मालकाच्या हातात असतो. पहिली गोष्ट पाणी. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातले क्षार भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतात हे प्रत्येक गृहिणी जाणते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. घागरीतले पाणी ओतण्यापेक्षा कंपनीने सांगितलेले कूलंट घालावे. ते सहज उकळत नाही आणि धातूला गंजू देत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये. आत दाबलेले पाणी उकळत्या कारंज्यासारखे अंगावर येते.

दुसरी गोष्ट इंजिनातील पट्टा. ओम्नीच्या इंजिनात झडपांची उघडझाप वेळेवर करणारा रबरी दात्यांचा पट्टा होता. तो ठरल्या किलोमीटरांवर बदलावा लागतो. दिसावयास चांगला असला तरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या इंजिनाच्या इकोत पट्ट्याऐवजी साखळी आहे. साखळी दीर्घायुषी, पण तिला वेळेवर बदललेले स्वच्छ तेल लागते. तेलात काटकसर करणारा मालक साखळीचे आयुष्य कापीत असतो.

तिसरी गोष्ट टायर. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो आणि दबण्याउठण्यात तापतो. वर मे महिन्याचे डांबर, आत जादा माणसे आणि टायरात कमी हवा, हे तिन्ही एकत्र आले की तो फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. या कामाला पैसा लागत नाही, म्हणूनच कदाचित ते होत नाही.

चौथी गोष्ट गॅस. पेट्रोल महाग म्हणून पुष्कळ व्हॅन गॅसवर धावतात. त्यात गैर काही नाही. कंपनीने बसविलेली सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावयाची असते, तेवढे पाळले पाहिजे. पण स्वयंपाकाचे घरगुती सिलिंडर आसनामागे लपवून गाडी चालविणे हे बेकायदा तर आहेच, जिवाशी खेळही आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो गाडीच्या तळाशी, मुलांच्या पायांशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो.

श्रोतेहो, आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला. वळण आणि भरवसा हे दोन गुण मी आतापर्यंत शेजारीशेजारी ठेवले. पण ते तोलाने सारखे नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडली तर वेळ जातो. गाडी रस्त्यात उलटली तर माणूस जातो. आपण मात्र गाडी घेताना नेमके उलटे करतो. सरासरी किती देते, किती दिवस चालते, विकताना किती येतील हे दहा जणांना विचारतो. ती धडकली असता आत काय होईल, हे कोणी विचारीत नाही.

आणि ते विचारले तर उत्तर दोन्ही गाड्यांच्या बाबतीत नम्र करणारे आहे. ओम्नीला नाकच नव्हते. चालकाचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे, पत्र्याच्या एका पडद्यामागे असत. समोरासमोर धडक झाली तर पहिला आघात त्याच्या गुडघ्यांवर. २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१९ पासून सर्वच मोटारींना धडकेच्या परीक्षेचे नियम लागू झाले आणि ओम्नीचा प्रवास त्याच वर्षी थांबला. इकोला छोटेसे नाक आहे. पण २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने हवापिशव्या नसलेल्या इकोची धडक-परीक्षा घेतली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर सुधारणा झाल्या. जुलै २०१९ पासून चालकापुढील हवापिशवी सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनालाही ती आली आणि २०२५ मध्ये इकोला सहा हवापिशव्या मिळाल्या. म्हणजे ‘नवी’ हा शब्ददेखील नीट तपासून घेतला पाहिजे. २०१२ची इको आणि २०२५ची इको या बाहेरून सारख्या दिसल्या तरी आत बसणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. आणि हवापिशवी ही पट्टा बांधलेल्या माणसासाठीच असते. पट्टा न बांधलेल्याला ती पुरेशी उपयोगी पडत नाही.

येथे मुलांचा प्रश्न येतो. सकाळी सातच्या सुमारास आपल्या शहरात कोणत्याही चौकात उभे राहा. सात जणांच्या गाडीत दप्तरांसह किती मुले बसली आहेत ती मोजा. मी मोजली आहेत आणि मोजणे अर्ध्यावर सोडले आहे. राज्य सरकारने शालेय वाहनांसाठी २०११ साली स्वतंत्र नियम केले. पण नियम हा कागदावर असतो आणि मूल आसनावर असते, कित्येकदा आसनाच्या काठावर. मुले हलकी असतात म्हणून ती अधिक भरली तर काय बिघडले, असे चालक म्हणतो. बिघडते ते असे: ज्याला स्वतःचे आसन नाही त्याला पट्टा नाही, ज्याला पट्टा नाही ते मूल ब्रेक लागताच गाडीच्या वेगानेच पुढे जात राहते. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. दुसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याला जवळजवळ तोच वेग येतो. आपल्या मुलाला दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसविण्यास कोणती आई तयार होईल?

दोष एकट्या चालकाचा नाही. महिन्याला दोनशे रुपये कमी घेणारी गाडी आपणच शोधतो आणि ते दोनशे रुपये चालकाने आणखी दोन मुले कोंबून भरून काढावेत, हे न बोलता ठरलेले असते. व्हॅनमध्ये किती मुले बसतात हे तिच्या कारखान्यात ठरत नाही. ते आपल्या ओसरीवर ठरते.

त्या तरुणाला मी शेवटी काय सांगितले? मी त्याला म्हणालो, “बाबा, तुला एकट्याला माल वाहून न्यावयाचा असता, गावातल्या गावात फिरावयाचे असते, तर चांगली राखलेली जुनी गाडी घे असे मी म्हटले असते. तिचे बिघाड तू स्वतः काढशील. पण तुला माणसे न्यावयाची आहेत, आणि तीही लाटांच्या रस्त्यावरून, रात्री, उसाच्या ट्रॉल्यांमधून. तेव्हा कर्ज थोडे अधिक झाले तरी चालेल. एबीएस आणि हवापिशव्या असलेली गाडी घे. ती बिघडली तर चार दिवस बसून राहा. आणि एक वचन दे, की नोंदणीच्या कागदावर जितकी माणसे लिहिली आहेत त्यापेक्षा एकही अधिक घेणार नाहीस. कारण नव्या गाडीने जे दिले ते जादा माणसांनी काढून घेतले, तर तू महाग किमतीत जुनीच गाडी घेतलीस असे होईल.”

त्याने गाडी घेतली. वचनाचे काय झाले ते मी त्याला विचारलेले नाही. ते विचारण्याचे काम त्याच्या गाडीत बसणाऱ्यांचे आहे. उद्या सकाळी मूल व्हॅनमध्ये चढेल तेव्हा आपण दारापर्यंत जावे, आतली डोकी मोजावीत आणि टायरकडे एक नजर टाकावी. चालकाला वाईट वाटेल अशा शब्दांत नव्हे, पण त्याला ऐकू जाईल अशा शब्दांत विचारावे, “दादा, आज किती जण?” एवढे विचारणारे शंभर आईबाप या शहरात निघाले, तर व्हॅन जुनी असो वा नवी, तिला वळण लागल्याशिवाय राहणार नाही.